रुपयाला देवळाच्या तळ्यात सोडू का?

पत्र थोडक्यात: पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला मामानं एक पाणकासव आणून दिलं. हिरवीगार पाठ, डोळ्यामागे लाल पट्टा, आकार नाण्याहून थोडा मोठा. म्हणून नाव पडलं रुपया. आज रुपयाची पाठ नऊ इंच भरते आणि तो अजून त्याच दोन फुटी काचेच्या पेटीत, टीव्हीशेजारी राहतो. मुलगा आता इंजिनिअरिंगसाठी नागपूरला निघाला आहे. गेला महिनाभर रुपया खात नाही, दिवसरात्र काचेवर पाय मारतो, मागच्या पायांनी पेटीचा कोपरा उकरल्यासारखं करतो. यजमान म्हणतात, त्याला मोकळं व्हायचंय, नदीत सोडू. सासूबाई म्हणतात, ती घरातली लक्ष्मी आहे, सोडायचीच तर एकादशीला गावच्या देवळाच्या तळ्यात सोडू. दुकानदार म्हणाला, एकटा पडलाय, जोडीदार घेऊन जा, नाहीतर मला परत द्या. नणंदेचं दीड वर्षाचं बाळ दर रविवारी येतं आणि काचेला तोंड लावतं. मुलगा म्हणतो, त्याला सोडलंत तर मी घरी येणार नाही. "मुका जीव घरात आणला हेच चुकलं का? आणि आता काय करू?" असं ताई विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं दोन आठवडे थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. रुपया महिनाभर खात नाही आणि मागच्या पायांनी कोपरा उकरतो, असं तुम्ही लिहिलंय. या जातीचे नर सहसा नऊ इंचांपर्यंत वाढत नाहीत. त्यांच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, शेपूटही लांब आणि जाड असते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नखं आखूड दिसतात. रुपया बहुधा मादी आहे, आणि तिच्या पोटात अंडी असण्याची शक्यता मोठी आहे.

कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशी कासवीही नराशिवाय अंडी धरते. पण ती सहसा पाण्यात घालत नाही. त्यासाठी तिला पाण्याबाहेर येऊन, मागच्या पायांनी मातीत खड्डा करून, त्यातच अंडी घालायची असतात. माती मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते, शोधत राहते, खाणं सोडते. बाळंतीण अडावी तसंच हे, आणि यात जीव जाऊ शकतो. खाणं सोडायला दुसरीही कारणं असतात, थंड पाणी किंवा छातीतला संसर्ग. म्हणून अंदाजावर राहू नका. याच आठवड्यात सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन तिचा एक्स-रे काढा. त्यात अंडी स्पष्ट दिसतात. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव बघत नाहीत, फोनवर आधी विचारा. कुणी सापडलं नाही तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, पुण्याहून ते फार लांब नाही. डॉक्टरांकडे जाईपर्यंत एका मोठ्या घमेल्यात किंवा टबात वीतभर खोल ओलसर वाळू-माती भरा, तिला शांत खोलीत त्यावर ठेवा आणि काही तास कुणी डोकावू नका.

आता थोडं बसून बोलू.

तिचं उकरणं घरातल्या प्रत्येकानं पाहिलं, आणि प्रत्येकाला त्यात वेगळं काही दिसलं. यजमानांना कैद्याची तडफड दिसली, दुकानदाराला एकटेपणा, सासूबाईंना लक्ष्मीची नाराजी, मुलाला आपल्यावाचून झुरणं. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांना तिच्याबद्दल माया आहे, म्हणून तर पत्र आलं. पण परक्या प्रदेशातला, परक्या सवयींचा प्राणी घरात आणला की असंच होतं. कुत्र्याचं शेपूट, गाईचं हंबरणं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचं आहे. कासवाचं काहीच आपल्याला वाचता येत नाही, मग आपण त्याच्या अंगावर आपलीच भावना वाचतो. कासवी पिलांना नुसत्या नजरेनं पोसते, ही आपल्या संतांची लाडकी कल्पना. अभंगांत ती सुंदर आहे. घरच्या पेटीत मात्र आपण उलट करतो, कासवाला नजरेनं पोसतो आणि ते शांत आहे म्हणजे सुखी आहे असं धरून चालतो. सरपटणारे प्राणी दुखणं लपवतात. ओरडत नाहीत, लंगडत येऊन तुमच्या पायाशी बसत नाहीत. त्यांचं दुखणं आपल्याला दिसतं तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. रेड इअर्ड स्लायडर म्हणतात त्याला. लुइझियानासारख्या राज्यांत त्यांची शेती होते. १९८९ ते १९९७ या काळात एकट्या अमेरिकेतून जगभर पाच कोटी वीस लाख पिल्लं निर्यात झाली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्यावरून पुढे सरकता आलं नाही. कारण ही कासवं नीट ठेवली तर वीस-तीस वर्षं जगतात. पाच कोटी पिल्लांमधली किती विशीला पोहोचली असतील? पिल्लू नाण्याएवढं असतं, हिरवं असतं, तळहातावर बसतं, आणि विकलं जातं ते याच रूपामुळे. ते थाळीएवढं होणार आहे हे विकताना सांगत नाहीत. तुमच्या भावालाही कुणी सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर त्यानं भाच्यासाठी सायकल घेतली असती.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: हो, आणणं चुकलं. पण ते न कळता चुकलं, आणि या अपराधी भावनेनं रुपयाचं काहीच भलं होत नाही. उलट अपराधी वाटलं की माणूस घाईनं सुटका शोधतो, आणि ती सुटका बहुतेकदा स्वतःची असते.

हे मी अनुभवावरून सांगते. आमच्या आजोळी चौसोपी वाड्यात आजीचा पोपट होता. तेव्हा घरोघरी असायचे. आज कायद्यानं आपले देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा आहे, पण तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या मनात तसं काही यायचं नाही. आजी गेली त्याच्या तेराव्या दिवशी मामानं पिंजऱ्याचं दार उघडलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, काहीतरी पवित्र घडतंय असं वाटत होतं. पोपट आधी बाहेर येईना. मग तुळशी वृंदावनावर जाऊन बसला, मग कौलांवर. पुढचे दोन दिवस चहाच्या वेळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन आजीच्या आवाजात आजीचीच हाक मारत होता. त्याला दुधात भिजवलेली पोळी हवी होती. मोठ्यांनी सांगितलं, देऊ नका, सवय मोडायला हवी. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. तो थव्यात गेला असं आम्ही ठरवलं. मीही तसंच सांगत आले, कितीतरी वर्षं. रानात फळ कुठे मिळतं, ससाणा कुठून येतो, थवा परक्याला घेतो की नाही, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक व्हायला वेळही मिळाला नसेल.

म्हणून यजमानांना सांगा, नदीत सोडणं नको.

रुपयाच्या बाबतीत तर दुहेरी नको. ती मेली तर ती मेली, पण जगली तर दुसऱ्यांच्या मुळावर येईल. आपल्या नद्या-तळ्यांत आपली कासवं आहेत, मऊ पाठीची, झाकणासारख्या झडपांत पाय लपवणारी. त्यांनाही ऊन खायला तोच दगड लागतो, तेच शेवाळ, त्याच गोगलगायी. स्लायडर थोराड, धीट आणि खादाड. ती दगडावरून इतरांना ढकलते आणि परके रोगही सोबत आणते. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या आक्रमक जातींची जी यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या तज्ज्ञांनी केली, तिच्यात हे नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आपल्याकडे गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही हे कासव आढळलं आहे. तिथेही ते कुणीतरी श्रद्धेनंच सोडलेलं असणार.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची भावना खरी आहे. आपल्याकडे बऱ्याच देवळांत सभामंडपात दगडी कासव असतं, त्याला नमस्कार करूनच आपण पुढे जातो. त्यांना एवढंच सांगा, की तळ्यात आधीपासून देवाची कासवं आहेत आणि आपली रुपया गेली तर त्यांना उपाशी ठेवील. जुन्या बायकांना दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवू नये हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि एकादशीला दगडी कासवावर फूल वाहायला त्यांना घेऊन जा.

दुकानदाराच्या दोन्ही गोष्टी सोडून द्या. जोडीदाराची गरज नाही. पोपटांना सोबत लागते, सोबतीवाचून ते वेडेपिसे होतात. या कासवांना लागत नाही. लहान जागेत दोन ठेवली तर ती एकमेकांना चावतात. आणि परत दिली, तर उद्या ती आणखी कुणाच्या तरी दोन फुटी पेटीत जाईल.

आश्रयगृहाचा विचार तुमच्या मनात आला असेल. चौकशी जरूर करा, पण मोठी आशा ठेवू नका. वन्यजीवांची बचाव केंद्रं मुख्यतः जखमी, अनाथ देशी प्राण्यांसाठी असतात, आणि सोडून दिलेले स्लायडर त्यांच्याकडे आधीच येत असतात. माहितीतल्या कुणाकडे कुंपणाचं, नदी-ओढ्याला न जोडलेलं सिमेंटचं तळं असेल, आणि ती व्यक्ती रुपयाचं वय, आकार, खाणं, खर्च सगळं ऐकून घेऊन हो म्हणत असेल, तर द्या. जायच्या आधी एकदा जागा डोळ्यांनी बघून या. असं कुणी नसेल तर ती तुमच्याकडेच राहू दे. हे मी जड मनानं सांगते, कारण मी पुढची वीस वर्षं तुमच्या पदरात टाकते आहे. पण पेटी जशी आहे तशी नाही चालणार.

गॅलरी आहे का? सकाळचं दोन-तीन तास थेट ऊन येतं का? असेल तर निम्मा प्रश्न सुटला. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, हाडं आणि पाठ घट्ट व्हायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. ट्यूबलाइटनं तर काहीच होत नाही. गॅलरी नसेल तर खास यूव्हीबी दिवा लागेल आणि तो दिसायला चालू असला तरी वर्षभराच्या आत बदलावा लागेल. पाण्याचा साधा हिशेब असा, की पाठीच्या दर इंचामागे सुमारे चाळीस लिटर. नऊ इंचांना साडेतीनशे लिटर. दोन फुटी पेटीत पन्नास-साठ लिटर मावतं, यावरून तिची आठ वर्षं लक्षात येतील. काचेच्या महागड्या टाकीची गरज नाही. फायबरचा किंवा जाड प्लास्टिकचा मोठा टब, त्यात पोहण्याइतकं खोल पाणी, चढून कोरडं होता येईल अशी फळी, आणि एका बाजूला वाळूची पेटी, म्हणजे पुढच्या खेपेला ती अडणार नाही. वर जाळी हवीच, घारी-कावळ्यांसाठी. गॅलरीचा स्लॅब किती वजन पेलेल हे आधी विचारून घ्या, पाणी जड असतं. उन्हाळ्यात अर्धा टब सावलीत ठेवा, थोडं पाणी पुण्याच्या एप्रिलात उकळल्यासारखं तापतं. थंडीत हीटर लावा. गाळणयंत्र मोठ्या क्षमतेचं घ्या आणि दर आठवड्याला काही पाणी बदला.

खायला फक्त सुकी कोळंबी आणि गोळ्या देताय, असं लिहिलंत. पिल्लाला ते थोडंफार चालतं. मोठी कासवं बरीचशी पाल्यावर जगतात. लेट्यूस, पाण्यातल्या वनस्पती, किसलेलं गाजर आणि भोपळा द्या. पालक रोज नको.

बाळाची गोष्ट मात्र ठामपणे सांगते. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. कासव आजारी दिसत नाही, पण लहान मुलाला जुलाब-तापानं रुग्णालयात न्यावं लागतं. अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती याचसाठी, मुलं ती पिल्लं तोंडात घालत होती. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि सासूबाईंच्या वयाची माणसं यांनी कासव आणि त्याचं पाणी हाताळू नये. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका, ते पाणी ओट्याजवळ नेऊ नका. हाताळल्यावर साबणानं हात धुणं, हे पाहुण्यांनासुद्धा सांगायला लाजू नका. नणंदेला मोकळेपणानं सांगा, आणि रविवारी गॅलरीचं दार बंद ठेवा.

मुलाबद्दल. त्याच्या धमकीला घाबरू नका, पण ती हसण्यावारीही नेऊ नका. त्याला समोर बसवून सांगा की रुपया 'तो' नाही, बहुधा 'ती' आहे आणि कदाचित अंडी घालायला अडली आहे. एक्स-रेला तोच घेऊन जाऊ दे, नागपूरला जायच्या आधी. टब बसवायला त्याला लावा, खर्चातला थोडा वाटा त्याच्या खिशातून घ्या, आणि पाणी किती दिवसांनी कोण बदलणार हे कागदावर लिहून काढा. त्यानं तुम्हाला म्हणे विचारलंय, की प्रकाश आमटे हेमलकशाला बिबटे सांभाळतात, मग आपलं कासव काय वाईट? प्रश्न चांगला आहे. हेमलकशाचे प्राणी दुकानातून आलेले नाहीत. शिकारीत आई गेलेली पिल्लं तिथं आली आणि त्यांना जगवणं भाग पडलं. तो फरक त्याला दाखवा. आणि हेही सांगा, की यापुढे रुपयाच्या बाबतीत तोही तेच करणार आहे: आपल्या हातून परागंदा झालेल्या एका जिवाला जगवणं.

याच आठवड्यात आणखी तीन पत्रं आली, एक शुगर ग्लायडरबद्दल, एक इग्वाना या मोठ्या परदेशी सरड्याबद्दल, एक आफ्रिकन ग्रे पोपटाबद्दल. त्या घरांसाठीही थोडं लिहिते. शुगर ग्लायडर ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या झाडांवर टोळीनं राहणारा, रात्री जागणारा जीव आहे. तुमच्या मुलीची शाळा दिवसा आणि झोप रात्री, दोघांची भेट कधी व्हायची? आफ्रिकन ग्रे पोपट चाळीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. एकटा पडला की स्वतःची पिसं उपटतो. घ्यायच्या आधी स्वतःला एकच विचारा: याचं शरीर ज्या कामांसाठी घडलंय, उडणं, चढणं, उकरणं, टोळीत असणं, त्यातलं बरंचसं मी याला याच्या शेवटच्या दिवसापर्यंत देऊ शकेन का? माझं प्रामाणिक मत असं, की फ्लॅटमध्ये राहणारं जवळपास कुठलंच कुटुंब या तिघांना ते देऊ शकत नाही. तेव्हा घेऊ नका. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी कागदपत्रं नीट करा. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीचे नियम यांनुसार, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींची, म्हणजे ग्रे पोपट, इग्वाना, बॉल पायथन वगैरेंची, केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. प्राणी घरी आल्यापासून तीस दिवसांत करायची असते.

आणि कासव असलेल्या प्रत्येकानं आज एकदा आपलं कासव नीट बघा. पाठ घुमटासारखी, त्यावर पिवळ्या चांदण्यांसारख्या रेषा आणि पाय हत्तीसारखे असतील तर ते आपलं तारा कासव आहे. लक्ष्मी म्हणून ते घराघरांत लपवून ठेवलेलं असतं. ते पाळणं गुन्हा आहे, आणि त्याला पाण्यात सोडलंत तर ते बुडून मरेल. तळ्यात सापडलेलं मऊ पाठीचं कासव ठेवणंही तितकाच गुन्हा. अशा वेळी लपवू नका, कुठे सोडूनही येऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

ताई, तुमच्याकडे परत येते. टब, जाळी, नागपूर, सगळं पुढच्या आठवड्यात. आज संध्याकाळी घमेल्यात ओली वाळू भरा, आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करताना सांगा: मादी असावी, नऊ इंच, महिनाभर उपाशी, उकरते आहे. एवढं ऐकलं की ते ताबडतोब बोलावतील. एक्स-रेमध्ये काय दिसलं ते मला जरूर कळवा.